अरुंद आडरस्त्यावर समोर घोडा दिसला तर

इंग्लंडमध्ये डेव्हन किंवा कॉर्नवॉलच्या खेड्यांकडे जाणारे अनेक आडरस्ते जेमतेम एका गाडीच्या रुंदीचे असतात. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीहून उंच झुडपांची कुंपणे असतात, आणि तरीही त्यांपैकी कित्येकांवर कायद्याने ताशी 60 मैलांपर्यंत वेग चालतो. या आकड्याकडे लक्ष देऊ नये. पुढच्या वळणाआड रपेटीला निघालेला घोडा आहे असे गृहीत धरावे, आणि जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतक्याच वेगाने गाडी चालवावी.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेत, 29 जानेवारी 2022 पासून झालेल्या बदलांनुसार घोडा दिसताच वेग ताशी 10 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 16 किलोमीटरपर्यंत, खाली आणावा आणि ओलांडताना किमान 2 मीटर अंतर राखावे. आरशांसह मोटारीची रुंदी जवळपास 2 मीटर धरली, तर घोड्यासाठी जागा मोजण्याआधीच 4 मीटर संपतात, आणि इतका रुंद आडरस्ता क्वचितच मिळतो. म्हणून ओलांडायला फट शोधण्याऐवजी मागोमाग सावकाश जाण्याची तयारी ठेवणे, हाच या नियमाचा खरा अर्थ आहे असे मला वाटते. शेताच्या फाटकापाशी किंवा पासिंग प्लेसपाशी (समोरच्याला वाट देण्यासाठी रस्ता रुंद केलेल्या जागेपाशी) स्वार घोडा बाजूला घेऊन खूण करेपर्यंत, घोडा बुजून चार पावले मागे सरला तरी गाडीला लागणार नाही इतके अंतर सोडून चालावे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण ऐन पाठीमागचे दिसत नाही. आणि भीती वाटली की पळणे हा त्याचा स्वभाव आहे. स्वार कितीही तरबेज असला, तरी सुमारे अर्ध्या टनाचे हे जनावर कुंपणात फडफडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीनेही बुजते आणि एका उडीत रस्त्याच्या मध्यावर येते. 2 मीटर सोडायचे ते या उडीसाठी. आपल्याकडे घाटातल्या वळणावर हॉर्न वाजवणे हा सावधपणा मानला जातो, आणि ती सवय येथेही हाताशी येते. घोड्याजवळ मात्र हॉर्न अजिबात वाजवू नये आणि इंजिनाचा आवाजही वाढवू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीचा आवाज घोड्याला आणि स्वारालाही उशिरा कळतो, म्हणून स्वाराने मागे वळून पाहीपर्यंत अधिकच मागे राहावे.

स्वार हात बाजूला पसरून वर-खाली हलवत असेल तर वेग कमी करावा, आणि तळहात समोर धरला तर पूर्ण थांबावे. घोडा समोरून येत असेल तर डावीकडच्या पासिंग प्लेसमध्ये गाडी घ्यावी. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे आणि घोड्याला जाऊ द्यावे. ओलांडून झाल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये; घोडा बराच मागे पडेपर्यंत तोच वेग ठेवावा. दोन स्वार जोडीने चालत असतील तर त्यांतला एक बहुधा लहान मुलाला किंवा नवख्या घोड्याला आधार देत असतो, तेव्हा त्यांनी एकामागोमाग यावे असा आग्रह धरू नये. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट, डार्टमूर आणि एक्समूर या भागांमध्ये मोकळे फिरणाऱ्या तट्टांशीही असेच वागावे.

स्वारांकडूनही काही अपेक्षा आहेत. त्यांनी दिवसा झगझगीत रंगाचे आणि अंधारात प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालावेत, अरुंद किंवा वर्दळीच्या रस्त्यावर आणि वळणावर एकामागोमाग चालावे. थांबलेल्या चालकाचे आभारही मानावेत. लगाम सोडणे धोक्याचे वाटले तर मान तुकवली तरी पुरते.

इतके करूनही घोड्याला गाडी लागून इजा झाली, तर 1988 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टनुसार चालकाने थांबणे आणि विचारल्यास नाव-पत्ता देणे बंधनकारक आहे. तो देता आला नाही, तर शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त 24 तासांत पोलिसांना कळवावे लागते.