पॅकिंग नवं टाकलं, तरी तेल गळतंच? गॅरेजात नव्यानं आलेल्यांसाठी

मृगाच्या तोंडावर यवतमाळकडच्या आमच्या गॅरेजात जुन्या हिरो होंडांची रांग लागते. कास्तकार गाडी लावतो आणि म्हणतो, “भाऊ, तेल गळून रायलं. उलसं पॅकिंग टाकून दे, तोवर बाजार करून येतो.” पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या सांध्यात तेल अडवायला बसवलेला पातळ थर, बहुतेक कागदाचा. शिकाऊ पोट्टं लगेच टी-पाना घेऊन क्लच कव्हर उघडायला बसतं. त्याला आधी थांबवावं लागतं.

तेल जिथं दिसतं तिथूनच गळत असेल असं नाही. चालत्या गाडीत ते वाऱ्यानं मागं पसरतं, त्यावर काळी माती बसते आणि हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, झिरपलेलं तेल भलतीकडेच ठिबकतं. म्हणून थंड इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुवायचं, कोरडं पुसायचं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि एक चक्कर मारून यायची. पावडर पहिल्यांदा ओली होते ती गळतीची जागा. पुष्कळदा पॅकिंग शाबूत असतं आणि किक शाफ्टचं किंवा गिअर शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग, कडक झालेलं निघतं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा, पाइप मातीनं बुजला असेल तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. तेल जास्त भरलं तरी गळतं. स्प्लेंडरची पातळी मेन स्टँडवर, डिपस्टिकचे आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची.

आता कव्हर उघडायचं. प्रत्येक बोल्ट काढला की पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो आणि कव्हर दाबलंच जात नाही. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-चार आट्यांवर लटकतो आणि ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. कव्हर चिकटलं असेल तर लाकडी हातोडीनं कडेला ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याला मी दुसऱ्यांदा पाना देत नाही, कारण त्या खाचेतून तेल जन्मभर झिरपतं.

खरं काम घासायचं, आणि नेमका तिथंच सगळ्यांना कंटाळा येतो. आत फडकं कोंबा म्हणजे कचरा इंजिनात जाणार नाही. जुना कागद थिनरनं भिजवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग ब्लेड आडवं धरून काढा. बोटाला कुठं काही लागलं की पुन्हा घासा. कव्हर वाकलंय का, ते जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलकं फिरवलं की कळतं. ज्या जागी चमक येत नाही तिथं खड्डा आहे. बोल्टच्या भोकांतलं तेलही टिपून घ्या, नाहीतर बोल्ट आवळताना अडकलेलं तेल केसिंग फोडू शकतं.

सोल्युशन, म्हणजे सांधा बुजवायची चिकट पेस्ट, फासायची हौस फार असते. स्वच्छ सांध्यावरच्या कागदी पॅकिंगला ते लागत नाही. मी एका बाजूला ग्रीसचा पुसट हात देतो, पुढच्या वेळी सोपं जातं. आत पिळून आलेलं सोल्युशन सुटून तेलाच्या जाळीत अडकतं आणि वर हेडमधला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कोरडा पडतो. हेड पॅकिंग तर कोरडंच बसवायचं, नवंच वापरायचं. डॉवेलजवळची (भाग जागेवर धरणाऱ्या पिनेजवळची) छोटी ओ-रिंग आणि हेडच्या नटाखालचा तांब्याचा वॉशर ज्या जागेवरून निघाला त्याच जागी गेला पाहिजे.

तालुक्याला पॅकिंग मिळालं नाही तर क्लच कव्हरचं शीटमधून कापून चालतं, जाडी तेवढीच हवी. ब्लॉकखालचं, म्हणजे सिलिंडरखालचं, मात्र कापू नका. जाडी बदलली की कॉम्प्रेशन बदलतं.

आवळताना एक इकडचा, एक समोरचा, असं दोन-तीन फेऱ्यांत. 6 मिमीच्या बोल्टला 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरे, आणि टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना घ्या, लांब पान्याला हात आवरत नाही.

तेल भरून इंजिन तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग बोल्ट पुन्हा तपासा. तोवर कास्तकार बाजार करून परत येतो आणि घाई करतो. त्याला चहा पाजा, गाडी संध्याकाळी द्या.