व्हीए लोनवालं घर शॉर्ट सेल करायचंय? मग आधी हे वाचा

अमेरिकेत आर्मी-नेव्हीत नोकरी केलेल्या बऱ्याच जणांचं घर व्हीए लोनवर असतं (व्हीए म्हणजे तिथलं माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं), आणि मग कधी बदलीची ऑर्डर येते, कधी नोकरी जाते, कधी घटस्फोट होतो, त्यात घराचा भाव पडलेला, म्हणजे हप्ता झेपत नाही आणि विकलं तरी कर्ज फिटत नाही. अशा वेळी लेंडरच्या परवानगीने कर्जापेक्षा कमी पैशात घर विकता येतं. यालाच शॉर्ट सेल म्हणतात, पण व्हीएवाले याला कॉम्प्रोमाइज सेल म्हणतात, फोनवर हेच नाव सांगा.

पैसे व्हीएने दिलेले नसतात हे डोक्यात पक्कं ठेवा. कर्ज खासगी लेंडरचं, व्हीए फक्त गॅरंटी देते, १,४४,००० डॉलरच्या वरच्या कर्जाला साधारण २५ टक्के. त्यामुळे घर जप्त करून विकण्यापेक्षा अशा विक्रीत नुकसान कमी होतंय असं आकड्यांत दिसलं तरच मंजुरी मिळते.

घरावर बोर्ड लावायच्या आधी सर्व्हिसरला, म्हणजे जिथे हप्ता भरता त्या कंपनीला, फोन करा. तिथे कोणी धड बोलत नसेल तर व्हीएचे लोन टेक्निशियन ८७७-८२७-३७०२ वर फुकट मदत करतात, प्लीज लाजू नका, ती माणसं त्यासाठीच बसलीत. हप्ते पुन्हा बसवून मिळतात का, लोन मॉडिफिकेशन, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घेणं, होतं का, हे आधी विचारा. आणि घराची किंमत कर्जाच्या आसपास असेल नि व्याजदर जुना, कमी असेल, तर खरेदीदार तुमचंच लोन पुढे चालवू शकतो, व्हीए लोनमध्ये ही सोय आहे, फक्त तुमची जबाबदारी संपल्याचा कागद लेखी घ्या.

शॉर्ट सेलच करायची ठरली तर पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न आणि अडचण का आली त्याचं साधं खरं पत्र तयार ठेवा. व्हीएच्या नियमाने अप्रेझल, म्हणजे घराच्या किमतीचा अंदाज, होतं. ऑफर कितीची आली यापेक्षा कमिशन, टॅक्स, क्लोजिंगचा खर्च वजा जाऊन लेंडरच्या हातात किती पडतं ते बघतात. खरेदीदार नात्यातला चालत नाही. घरावर दुसरं कर्ज असेल तर त्या लेंडरनेही बोजा सोडायला हवा, आणि माझ्या मते सौदे सगळ्यात जास्त इथेच रखडतात, म्हणून त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला. घर वाचवून देतो म्हणत आधी पैसे मागणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

मंजुरीचं पत्र आलं की उरलेली रक्कम माफ केली असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नसेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. १ जानेवारी १९९० नंतरच्या कर्जात व्हीए स्वतःचं नुकसान सहसा तुमच्याकडून मागत नाही, फसवणूक केली असेल तर मात्र मागते. माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून १०९९-सी फॉर्म येऊ शकतो, तेव्हा तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती का ते टॅक्सवाल्याला विचारा, तसं असेल तर फॉर्म ९८२ भरून सूट मागता येते.

या घरात अडकलेली एंटायटलमेंट, म्हणजे व्हीए तुमच्यासाठी जेवढी गॅरंटी देते तो तुमचा हक्क, मात्र व्हीएचं नुकसान भरेपर्यंत परत मिळत नाही. पुढचं घर उरलेल्या एंटायटलमेंटवर घेता येतं, पण मग काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, लोन लिमिट आडवी येते आणि डाउन पेमेंट लागू शकतं.