पगार शहरात पुरेल का? हिशेबातल्या या चुका टाळा

पुण्यात नोकरी लागलेली गावाकडची मुले ऑफर लेटर पुढे करून मला नेहमी विचारतात, "महिना चाळीस हजारांत भागेल ना?" आणि दर वेळी मला आधी हेच पाहावे लागते, की त्या चाळीस हजारांपैकी हातात किती पडणार आहेत.

वार्षिक सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाला, बाराने भागणे ही सर्वांत मोठी चूक होय. ४,८०,००० रुपयांचे पॅकेज असेल, तर त्यातले ४८,००० वर्षअखेरीच्या व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरीवर ठरणाऱ्या रकमेचे, असू शकतात. महिन्याचा बेसिक (मूळ पगार) १६,००० असेल, तर कंपनीच्या वाट्याचा वर्षाचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) २३,०४०, ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) सुमारे ९,२३५ आणि समजा विम्याचे ६,००० हेही त्याच आकड्यात बसवलेले असतात. उरलेल्या रकमेतून दरमहा तुमच्या वाट्याचा पीएफ १,९२० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा केल्यावर खात्यात जेमतेम ३०,७०० रुपये येतात. म्हणून होकार कळवण्यापूर्वी एचआरकडून पगाराची फोड लेखी मागवावी. मागायला संकोच वाटतो म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. भाजी घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतोच.

दुसरी चूक स्वस्त भाड्याची. माझ्या भाच्याने हिंजवडीत नोकरी लागल्यावर शेजारचे वाकड सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला वाघोलीत खोली घेतली आणि मोठ्या आनंदाने फोन केला, "मामा, वाकडपेक्षा चार हजार वाचले!" घर ते कार्यालय हे अंतर एका बाजूने सुमारे तीस किलोमीटर होते, म्हणजे बावीस दिवसांचे १,३२० किलोमीटर. लिटरला पंचेचाळीसचे ॲव्हरेज धरले तरी पेट्रोललाच तीन हजार गेले आणि उरलेले हजार रुपये सर्व्हिसिंगने आणि खड्ड्यांत फुटलेल्या टायरने खाल्ले. शिवाय रोजचे तीन तास रस्त्यावर जात असल्यामुळे स्वयंपाक सुटला आणि रात्रीचे जेवण बाहेरून येऊ लागले. चौथ्या महिन्यात त्याने खोली सोडली, तेव्हा करारातल्या सहा महिन्यांच्या लॉक-इनवर (तेवढ्या काळात खोली सोडता येत नाही या अटीवर) बोट ठेवून मालकाने एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापले आणि नव्या घरासाठी एजंटला पुन्हा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली द्यावी लागली. करार वाचला होता का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "अकरा महिन्यांचाच तर होता, मामा." माझी सवय अशी, की खोली ठरवण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, तिथून कार्यालयापर्यंत स्वतः जाऊन यायचे. घाईत असलेल्यांना हे अवघड वाटते आणि ते नकाशावर रविवारचे अंतर पाहून टोकन देऊन मोकळे होतात.

भाडे पगाराच्या तीस टक्क्यांत बसले की झाले, हे सूत्र मला आळशीपणाचे वाटते. घरी दरमहा दहा हजार पाठवणाऱ्याला ते लागू पडत नाही.

मेंटेनन्स आणि टँकरच्या पाण्याचा खर्च कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावे. खानावळीला रविवारी संध्याकाळी बहुधा सुट्टी असते, हेही जेवणाच्या खर्चात धरावे. दिवाळीतले ट्रॅव्हल्सचे वाढीव भाडे, गाडीचा विमा आणि घरातली लग्नकार्ये यांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागावे; बाराने भागायचे ते इथे.

पहिला पगार येईपर्यंतचे पैसे मात्र बहुतेक जण विसरतात. दहा हजार भाड्याच्या खोलीसाठी दोन महिन्यांचे डिपॉझिट, दलाली आणि आगाऊ भाडे मिळून चाळीस हजार पहिल्याच दिवशी लागतात, करारनोंदणीचा खर्च वेगळा. त्यातही महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालात, तर अनेक कंपन्यांत त्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतो. एवढी रक्कम गाठीशी नसेल, तर पहिले दोन महिने कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन, काढावेत आणि खोली त्यानंतर शोधावी.