इशाऱ्याची तळाची ओळ आधी वाचा

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही तयारी लिहीत आहे, कारण गेल्या वसंतात ‘सिव्हियर थंडरस्टॉर्म वॉर्निंग’ (तीव्र वादळाचा इशारा) एवढे शीर्षक वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि अर्ध्या तासात दारातल्या गाडीची मागची काच फुटली. गारा पावणेदोन इंचांच्या असतील, असे त्याच इशाऱ्याच्या तळाशी स्पष्ट लिहिले होते.

टॉर्च, पाणी आणि भरलेली बॅटरी यांबद्दल सांगायला नको. ‘वॉच’ म्हणजे वादळास पोषक हवामान आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ आलेले किंवा येण्याच्या बेतात असलेले, म्हणून गाडी वॉच लागतानाच गॅरेजमध्ये घ्यावी. नंतर हाताशी वेळ उरत नाही.

नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे अमेरिकेचे सरकारी हवामान खाते, ही वॉर्निंग ताशी 58 मैलांचा वारा किंवा एक इंच व्यासाच्या गारा, यांपैकी एकाची जरी शक्यता असली तरी देते. वादळ याच्या कितीतरी पुढचे असले तरी शीर्षक तेच राहते. म्हणून तळाची ओळ वाचा: तिथे वाऱ्याचा कमाल वेग आणि गारांचा कमाल आकार आकड्यांत दिलेला असतो. ऑगस्ट 2021 पासून त्याच्या जोडीला नुकसानीची पायरीही येते. 70 मैलांचा वारा किंवा पावणेदोन इंचांची, म्हणजे गोल्फच्या चेंडूएवढी, गार असेल तर ‘कन्सिडरेबल’. 80 मैल किंवा पावणेतीन इंच, म्हणजे बेसबॉलएवढी गार असेल तर ‘डिस्ट्रक्टिव्ह’. फोनवर कर्कश आणीबाणीचा संदेश आपोआप येतो तो फक्त या शेवटच्या पायरीला. माझा फोन गप्प राहिला आणि त्यावरच मी विसंबलो, तसे कृपया कोणी करू नये. फोन वाजो न वाजो, तळाची ओळ वाचा.

‘रडार इंडिकेटेड’ म्हणजे अंदाज रडारवरून केलेला आहे, ‘ऑब्झर्व्ह्ड’ म्हणजे प्रत्यक्ष नोंद झालेली आहे; पहिल्याला कमी लेखू नका. विजांचे प्रमाण या निकषांत धरलेलेच नाही, तेव्हा आकडे लहान दिसले तरी मुलांना मैदानावर ठेवू नये.

इशाऱ्याच्या नकाशावरील चौकटीत आपले घर आहे का ते पाहावे, ‘टॉर्नेडो पॉसिबल’ असे लिहिले आहे का तेही. खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर बसावे. गाडी झाकायला बाहेर धावू नये. इशारा चालू असतानाच त्याची सुधारित प्रत येते आणि एक इंचाचे पावणेदोन तिथेच होतात, तेव्हा तळाची ओळ पुन्हा वाचा.