मान टाकलेल्या झाडाला पाणी घालण्याआधी

माझ्या हाती सोपवलेल्या पहिल्या १४ झाडांपैकी ९ मी मारली. पाणी घालून घालून मारली. घरांतल्या आणि ऑफिसांतल्या झाडांच्या देखभालीचं काम नुकतंच धरलं होतं. एका ऑफिसातल्या पीस लिली आणि मनी प्लांटच्या कुंड्या सांभाळायच्या होत्या, आणि ६ आठवड्यांत निम्म्याहून जास्त कुंड्या रिकाम्या झाल्या. आजही पीस लिलीची पानं लोंबलेली दिसली की पोटात गोळा येतो. तुम्ही या कामात नवे असाल तर ऊन-पाणी-खताचे धडे तुम्हाला ठाऊक असतीलच, ते सोडून देते. मी ज्या खड्ड्यात पडले तो मात्र नीट दाखवते, कारण तो वरून दिसत नाही.

पानं लोंबली की झाड तहानलंय, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, आणि तिथेच फसगत होते. मुळांना पाणी ओढायला ताकद लागते आणि त्या ताकदीसाठी प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. ती पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते आणि मुळकूज सुरू होते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. परिणाम? पानांपर्यंत पाणी पोचत नाही आणि झाड भर चिखलात उभं राहून तहानेने माना टाकतं. वरून बघणाऱ्याला कोरडी कुंडी आणि कुजकी कुंडी दोन्ही सारख्याच दिसतात. मी वरूनच बघत होते. पान लोंबलं, घाल पाणी. आणखी लोंबलं, घाल आणखी.

त्यात कुंड्या दुहेरी होत्या. आत प्लास्टिकची, बाहेर शोभेची, आणि बाहेरचीला भोक नाही. मी घातलेलं पाणी खाली उतरून त्या शोभेच्या कुंडीत साचत होतं. पाचव्या आठवड्यात वास आला म्हणून एक कुंडी उचलली, तर तळाशी चार बोटं काळपट पाणी. झाड बाहेर काढलं. मुळाला हात लावला तर वरचं साल चिमटीत निघून आलं आणि आत नुसता दोरा राहिला. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. हा फरक मला कुणी आधी दाखवला असता तर निम्मी झाडं तरी वाचली असती.

शेतकऱ्याकडे यासाठी एक शब्द आहे, वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही, ओल आणि हवा दोन्ही आहेत, अशी स्थिती. शेतात वाफसा आल्याशिवाय सहसा कुणी पेरत नाही. कुंडीलाही वाफसा येतो, आणि तो यायच्या आत पुन्हा पाणी घालायचं नाही. ‘आठवड्यातून दोनदा’ वगैरे वेळापत्रकं मला म्हणूनच पटत नाहीत. तीच कुंडी खिडकीजवळ चार दिवसांत सुकते आणि कोपऱ्यात बारा दिवस ओली राहते.

मग बघायचं कसं? दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. वरची माती लवकर सुकते, तिच्यावर जाऊ नका. त्याहून भरवशाचं म्हणजे कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी घातल्यावर एकदा उचला, मग रोज उचला, पंधरा दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. जड कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खुपसून थोडा वेळ ठेवायची. ओली, माती चिकटलेली बाहेर आली तर थांबा. ओल मोजायचं स्वस्त मीटर मीही घेतलं होतं. ते मातीतून वीज किती वाहते यावर आकडा दाखवतं, त्यामुळे खताचे क्षार जास्त असले की तेही फसतं. माझं ड्रॉवरमध्ये पडून आहे.

माती ओली आणि पानं लोंबलेली, असं असेल तर पाणी बंद. खत तर अजिबात नाही. आजारी मुळांना खत म्हणजे भाजलेल्यावर मीठ. झाड काढा, मऊ झालेली तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, निचरा होईल अशा नव्या मिश्रणात लावा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच कुंडी घ्या. मोठी कुंडी घेतलीत तर न वापरलेलं पाणी पुन्हा साचेल. मनी प्लांट असेल तर वरच्या निरोगी वेलीचे पेरासकट तुकडे करून पाण्यात ठेवा, बुडखा गेला तरी झाड राहतं. पीस लिलीची पानं अशी रुजत नाहीत. तिथे थोडी तरी मुळं शाबूत हवीत.

उलटाही प्रकार घडतो. कुंडीतलं मिश्रण पार सुकलं की पाणी धरेनासं होऊ शकतं. वरून घातलेलं पाणी कडेने सरळ भोकातून निघून जातं आणि आपल्याला वाटतं, झालं भिजवून. पाणी घालूनही कुंडी हलकीच लागत असेल तर ती अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. हे झाड संध्याकाळपर्यंत उभं राहतं, त्यामुळे घाबरू नका. एकंदरीत कोरडं पडलेलं झाड परत येतं, कुजलेलं क्वचितच येतं. शंका असेल तर एक दिवस थांबलेलं बरं.

बाकीच्या खुणा त्यामानाने सरळ आहेत. तळाचं एखादं जुनं पान पिवळं पडलं तर ते म्हातारपण, सोडून द्या. खालची बरीच पानं एकदम पिवळी होत असतील तर आधी ओल बघा, मग नत्राचा विचार करा. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह असं हलत नाही, म्हणून लोहाच्या कमतरतेत शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. पानांची टोकं करपली आणि मातीवर पांढरा थर असेल तर क्षार साचलेत. भरपूर पाणी वरून ओतून खालून वाहू द्या, दोन-तीनदा. स्पायडर प्लांट आणि ड्रेसीना पाण्यातल्या फ्लोराइडनेही टोकं करपवतात. फांद्या लांबुळक्या, पानं दूर दूर आणि सगळं झाड खिडकीकडे झुकलेलं असेल तर उजेड कमी. आपले डोळे अंधाराला सरावतात, झाड सरावत नाही. फिकस जागा बदलली की पानं गाळतो. त्याला पुन्हा पुन्हा हलवू नका, सावरतो.

पानांवर बारीक फिके ठिपके दिसले तर खाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले कण चालायला लागले तर लाल कोळी आहे. पान दोन्ही बाजूंनी धुवून काढा, आठवड्याने पुन्हा. बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, त्याला ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेला बोळा. पान चिकट लागलं तरी कीड शोधा, पुढे त्याच चिकटपणावर काजळी धरते.

झटपट उपायांबद्दल माझं मत वाईटच आहे. निचऱ्यासाठी तळाशी खडे घालायला सगळे सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, वरच अडकतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. पानांवर पाणी फवारलं तर हवेतला दमटपणा काही मिनिटंच टिकतो. आणि पानं चमकवायचे स्प्रे! ओलं फडकं पुरतं.

मला सुरुवातीला शिकवणारी व्यक्ती फोटो बघून दोन शब्दांत निदान करायची, “पाणी कमी.” माझी निम्मी झाडं त्या दोन शब्दांवर गेली. राग आहे, पण कुंडी उचलून बघायचं माझ्याही मनात आलं नव्हतंच. नंतर भेटले ते गृहस्थ फोटो बघायलाच तयार नसत. कुंडीला भोक आहे का, शेवटचं पाणी कधी घातलं, खिडकी किती लांब, एवढं विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. शिकायचं तर अशा चौकशा करणाऱ्याकडे.

आणि एक. मुळं छाटून लावलेलं झाड पुढचे दोन-तीन आठवडे आणखी वाईट दिसू शकतं. पिवळं झालेलं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका आणि मधेच काही ओतूही नका. नव्या पानाची सुरळी येते का तेवढं बघा. झाड ज्यांचं आहे त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. उरलेल्या पाचांपैकी दोघांना सुरळ्या फुटल्या होत्या, पण तोवर ते काम माझ्याकडून गेलं होतं.