रात्री अकरानंतर कडाडणारा लिनियर: व्हॉल्व्ह अँप्लिफायरमधली ठिणगी कशी शोधावी

लिनियरमधून, म्हणजे रेडिओचा सिग्नल वाढवून अँटेनाला देणाऱ्या अँप्लिफायरमधून, आधी 'कट्ट' असा आवाज येतो. मग प्लेट करंटचा (व्हॉल्व्हमधल्या मुख्य प्रवाहाचा) काटा उजव्या टोकाला आपटतो, खोलीतला दिवा डोळा मिचकावतो आणि फ्यूज जातो. घरचे विचारतात, "काऊन, काय फुटलं?" हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांच्या घरात हा प्रश्न नवा नाही. बहुतेक जण यानंतर झाकण उघडतात, काळा डाग दिसतो तो भाग बदलतात आणि आठवड्याने पुन्हा तेच होतं. माझंही तसंच झालं होतं. ठिणगी उडते ती सगळ्यात कमजोर जागेवर, आणि तिथवर ढकलणारं कारण बरेचदा दुसरीकडेच असतं.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी वही घ्या. आवाज कधी आला, कोणत्या बँडवर, बोलायला सुरुवात करताना की सलग बोलत असताना, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) की अँटेनावर, किती वाजता, आणि त्या वेळी लाइनचा व्होल्टेज किती होता, एवढं लिहा. शेवटची नोंद विसरू नका. तिचं कारण पुढे येईल.

उघडण्याआधी

उदाहरणासाठी एकच ३-५००झेड व्हॉल्व्ह आणि २८०० व्होल्ट एचटी (प्लेटला लागणारा उच्च डीसी व्होल्टेज) असलेला लिनियर धरू. एचटीच्या सप्लायमध्ये २२० मायक्रोफॅरडचे, ४५० व्होल्टचे आठ इलेक्ट्रोलिटिक एकामागोमाग जोडलेले असतील, तर सगळे मिळून साडेसत्तावीस मायक्रोफॅरड होतात आणि त्यात साधारण १०८ जूल ऊर्जा साठते. माणूस मारायला ती पुरेशी आहे. प्रत्येक कपॅसिटरवर एक लाख ओहमचा ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर) असेल तर व्होल्टेज दर २२ सेकंदांनी सुमारे ३७ टक्क्यांवर येतो, म्हणजे वीस व्होल्टच्या खाली यायला दोन मिनिटं लागतात. हा हिशोब ब्लीडर शाबूत असतानाचा आहे. एक जरी तुटला असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज बसून राहतो, आणि पॅनेलवरचा मीटर शून्य दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नये.

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. पाच मिनिटं थांबा. मग पीव्हीसी पाइपच्या टोकाला हुक, हुकाला ५०-१०० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आणि त्याची वायर चॅसीला, अशी काठी करून एचटी उतरवा. प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांना वेगळा रेझिस्टर लावून तोही रिकामा करा. त्यानंतर एचटी थेट चॅसीला क्लिपने जोडा आणि काम संपेपर्यंत क्लिप तिथेच ठेवा. झाकण परत बसवताना ती काढायची आठवण म्हणून मी प्लगलाच एक चिंधी बांधतो. काठीसाठी बांबू वापरू नका, पावसाळ्यात तो ओल धरतो. साध्या मल्टीमीटरने एचटी मोजायचा मोह टाळा, त्याची मर्यादा हजार व्होल्टच्या आसपास असते. आणि झाकणाचा इंटरलॉक (उघडताच वीज तोडणारा स्विच) चिकटपट्टीने दाबून चालू यंत्रात डोकावणाऱ्याला माझ्याकडे चहा मिळत नाही.

पहिलं काम झाडूचं

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की आमच्या हवेत रुई तरंगते. लिनियरचा पंखा ती आत ओढतो आणि तिचा थर नेमका ट्यून कपॅसिटरच्या (आउटपुट जुळवणाऱ्या फिरत्या कपॅसिटरच्या) पात्यांमध्ये जमतो. कोरडी रुई एक वेळ चालते, पण जून-जुलैतल्या दमट हवेत तीच ठिणगीला वाट करून देते. पावसाळ्यात उजेडाकडे येणारे किडे असतात, आणि पाली तर ट्रान्सफॉर्मरच्या उबेला हमखास येतात. एकदा माझ्या बँडस्विचच्या मागे पालीची शेपटी सापडली, बाकी पाल कुठे गेली ते कळलं नाही.

ब्लोअरने उडवा, मऊ ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने सिरॅमिक आणि पाती पुसा. पात्यांच्या धारेवर आधीच्या ठिणगीने टोकदार काटे उठले असतील तर बारीक कानशीने गोल करा, कारण टोकदार जागी विजेचा ताण वाढतो. इन्सुलेटरवर काळी रेघ असेल तर पुसून भागणार नाही. तो कार्बन आहे आणि करंट वाहून नेतो. पूर्ण खरवडा, नाहीतर भाग बदला.

याच वेळी दोन मोजमापं करून टाका. सगळे ब्लीडर एकेक करून मोजा. आणि लोड कपॅसिटरपासून (ट्यूनच्या अँटेनाकडच्या जोडीदारापासून) चॅसीपर्यंत मल्टीमीटर लावा. तिथे साधारण अडीच मिलिहेन्रीचा सेफ्टी चोक असतो, तो काही ओहम ते काही दहा ओहम एवढाच दाखवायला हवा. तो तुटलेला असेल आणि ब्लॉकिंग कपॅसिटर (एचटी अडवून फक्त रेडिओ सिग्नल पुढे सोडणारा) शॉर्ट झाला, तर पूर्ण एचटी अँटेनाच्या तारेवर येते. आणि तार कडुलिंबाला, खाली बकरी.

व्हॉल्व्ह काढून चाचणी

आता व्हॉल्व्ह बाहेर काढा, झाकण लावा आणि एचटी द्या. खोलीत अंधार करून जाळीतून लांबून पाहा. यातही ठिणगी उडाली तर व्हॉल्व्ह, ट्यूनिंग, अँटेना सगळे निर्दोष, आणि दोष सप्लाय, प्लेट चोक (प्लेटला एचटी पोचवणारी कॉइल), ब्लॉकिंग कपॅसिटर किंवा वायरच्या इन्सुलेशनमध्ये. शोधाचं निम्मं काम इथे संपतं. भार नसताना एचटी नेहमीपेक्षा चढलेली असते, त्यामुळे ही चाचणी कमजोर जागा लगेच उघडी पाडते.

काही उडालं नाही तर पुन्हा बंद करून, एचटी उतरवून व्हॉल्व्ह बसवा आणि पुढे चला.

ड्राइव्ह न देता: यंत्र स्वतःच बोलतंय का?

इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे ५० ओहमचे डमी लोड लावा. ड्राइव्ह, म्हणजे रेडिओकडून येणारा सिग्नल, न देता लिनियर ट्रान्समिटवर घ्या. प्लेट करंट आपल्या नेहमीच्या स्थिर आकड्यावर येईल. आता ट्यून आणि लोडचे नॉब सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. प्लेट करंट जागचा हलता कामा नये आणि ग्रिड (व्हॉल्व्हमधली नियंत्रण जाळी) करंट शून्यच राहायला हवा. काटा कुठेही उडी मारत असेल, तर यंत्र ऑसिलेटर झालं आहे, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतंय. लगेच बंद करा.

हे ऑसिलेशन बहुधा आपल्या बँडवर नसतं, ते वर व्हीएचएफमध्ये, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या पुढे असतं. प्लेटपासून ट्यून कपॅसिटरपर्यंतची पट्टी आणि व्हॉल्व्हच्या आतली कपॅसिटन्स मिळून तिथे एक चोरटं ट्यून्ड सर्किट तयार होतं. त्याला आळा घालण्यासाठी प्लेटच्या टोपीजवळ पॅरासिटिक सप्रेसर असतो, म्हणजे जाड तारेचे तीन-चार वेढे आणि त्यांना समांतर ५० ते १०० ओहमचा रेझिस्टर. एचएफला, म्हणजे आपल्या बँडवर, करंट वेढ्यांमधून सहज जातो. व्हीएचएफला वेढे अडवतात, करंट रेझिस्टरमधून जातो आणि चोरट्या सर्किटची ताकद तिथे उष्णता होऊन संपते. जुने कार्बनचे रेझिस्टर तापून तापून किंमत वाढवून बसतात आणि मग सप्रेसर नावालाच उरतो. तो मोजताना एक पाय डिसोल्डर करा. नाहीतर मीटर शेजारच्या तारेचे वेढे मोजून शून्य दाखवेल आणि तुम्ही "ठीक आहे" म्हणून पुढे जाल. मी दोनदा गेलो. बदलताना वायरवाउंड घेऊ नका, मेटल ऑक्साइडचा घ्या.

सप्रेसर ठीक असेल तर ग्रिड पाहा. ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड चॅसीला जोडलेल्या रचनेत) ग्रिडची प्रत्येक पिन आखूड, रुंद पट्टीने चॅसीला भिडलेली हवी. बारीक वायर किंवा सैल, गंजका स्क्रू व्हीएचएफला ग्रिड जमिनीपासून वर उचलतो. ग्रिडला ड्राइव्ह दिलेल्या ८१३ सारख्या टेट्रोडमध्ये याच्या जोडीला न्यूट्रलायझेशनही (आउटपुटमधून इनपुटकडे परतणाऱ्या सिग्नलचा तोल) तपासावं लागतं, पण तो स्वतंत्र विषय आहे.

ड्राइव्ह देऊन, डमी लोडवर

थोड्या ड्राइव्हने सुरुवात करा. ठिणगी इथे उडाली तर पहिला संशय लोडिंगवर घ्या. लोड कपॅसिटरची पाती पूर्ण आत असली की व्हॉल्व्ह आणि अँटेनाचं बांधणं सैल पडतं, शक्तीला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि प्लेटवरचा आरएफ (रेडिओ सिग्नलचा) व्होल्टेज चढतो. ओळखायची खूण म्हणजे ग्रिड करंट जास्त, प्लेट करंट कमी. लोड थोडा उघडा, ट्यून पुन्हा साधा. नीट बांधलेल्या स्थितीतसुद्धा ट्यून कपॅसिटरवर शिखर व्होल्टेज एचटीच्या जवळपास जातो, म्हणून २८०० व्होल्टला पात्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरच्या आसपास हवं. ब्रॉडकास्ट रेडिओतला गँग (स्टेशन लावायचा कपॅसिटर) लावून "चालतंय की" म्हणणारे भेटतात. चालतं, पहिल्या सीक्यूच्या हाकेपर्यंत.

ठिणगी फक्त बोलण्याच्या पहिल्या अक्षराला उडत असेल तर अँटेना रिले तपासा. रिले बसायच्या आत ड्राइव्ह आला तर व्हॉल्व्हला क्षणभर लोडच नसतो. नव्या रिगच्या (ड्राइव्ह देणाऱ्या रेडिओच्या) मेनूत ट्रान्समिट डिले असतो, तो वीस-तीस मिलिसेकंद ठेवा. शिवाय काही रिग चाळीस वॅटवर लावले तरी पहिल्या क्षणी पूर्ण शंभर वॅटची उसळी मारतात. एकाच बँडवर ठिणगी किंवा जळका वास येत असेल तर प्लेट चोकचा रेझोनन्स किंवा बँडस्विचचा तो संपर्क पाहा. आणि ट्रान्समिट चालू असताना बँडस्विच फिरवू नका.

डमीवर शांत आणि अँटेनावर कडाडत असेल तर लिनियर सोडा, छतावर चढा. पावसाळ्यात कोअॅक्सच्या जोडात पाणी शिरलेलं असतं, नाहीतर डायपोलचं टोक ओल्या फांदीला टेकलेलं असतं.

आणि लाइनचा व्होल्टेज

माझा लिनियर रात्री अकरानंतरच कडाडायचा. मी सप्रेसर बदलला, कपॅसिटर घासला, व्हॉल्व्हवर आळ घेतला. दोन महिन्यांनी वही चाळताना दिसलं की प्रत्येक नोंदीपुढे लाइन २५५ ते २६० होती. शेतीपंपांची पाळी संपली की भार उतरतो आणि डीपीवरून येणारा व्होल्टेज चढतो. २३० ला २८०० असणारी एचटी २६० ला ३१६५ होते. फिलामेंट पाच व्होल्टऐवजी ५.६५ वर जातं, आणि ३-५००झेडला तिथे पाच टक्क्यांहून जास्त फरक मानवत नाही. उलट पंप चालू असताना लाइन १८० वर आली की फिलामेंट ३.९ वर येतं, एमिशन (फिलामेंटमधून निघणारे इलेक्ट्रॉन) पडतं आणि पलीकडचा म्हणतो आवाज फाटतोय.

उपाय स्वस्त निघाला. तालुक्याच्या ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडून २३० ला २४ व्होल्टचा, लिनियरच्या करंटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर करून घेतला आणि त्याची सेकंडरी लाइनमध्ये उलटी जोडली. २६० चे २३३ झाले. दिवसा तो स्विचने बाजूला काढतो. रिलेवाला घरगुती स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही, कारण बोलण्याच्या प्रत्येक शिखराला तो टकटक करत टप्पा बदलतो.

एचटीच्या वाटेत एक २५ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर घालायला मात्र विसरू नका. ठिणगी उडालीच तर २८०० व्होल्टला करंट ११२ अँपिअरवर अडतो आणि मीटर, डायोड वाचतात.

व्हॉल्व्हचा नंबर शेवटी

वरचं सगळं होऊनही आतच निळसर चमक येऊन फ्यूज जात असेल, तर व्हॉल्व्हमध्ये गॅस असू शकतो. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेल्या नगात हे होतं. एचटी न देता पंखा चालू ठेवून काही तास नुसतं फिलामेंट तापवा, मग शक्य असल्यास कमी एचटीवर सुरुवात करून चढवत न्या. ३-५००झेडमध्ये गॅस शोषणारा लेप प्लेटवरच असतो आणि तो तापल्यावरच काम करतो, त्यामुळे प्लेटला थोडी लाली येईपर्यंत चालवलं की व्हॉल्व्ह बरेचदा सुधारतो. मे महिन्यात मात्र खोलीतच ४५ अंश असतात, तेव्हा हे काम पहाटे करावं आणि पंख्यासमोरची रुई आधी झाडून घ्यावी.