जिनिंगमध्ये पर्यावरण म्हणजे ५ जूनची रोपं नव्हेत: या चुका टाळा

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, मी जातो तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. दर्शनी भागात पर्यावरण दिनाला लावलेली रोपं आणि मागच्या भिंतीला कवडी (नीट न उमललेला खराब कापूस), पत्ती (वाळक्या पानांचा चुरा), किडकी बोंडं यांचा ढीग. पर्यावरण हा धर्मादाय खर्च आहे, धंद्याशी त्याचा संबंध नाही, अशी बहुतेक मालकांची आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांची समजूत असते. ती सगळ्यात महागात पडते, म्हणून आधी त्या ढिगाबद्दल.

गुलाबी बोंडअळी किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत तग धरते. कापसासोबत ती जिनिंगमध्ये येते, ढिगात राहते आणि पतंग होऊन आसपासच्या वावरांत जाते. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कास्तकारांनी या अळीमुळे काय भोगलं, ते इथं कुणाला सांगायला नको. किडक्या बोंडाचा कापूस डागाळतो, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) उतारा घसरतो. म्हणजे आज मागच्या भिंतीला टाकलेला कचरा पुढच्या दिवाळीत तुमच्याच वजनकाट्यावर खराब माल होऊन येतो. हंगाम संपला की सरकी लवकर तेलगिरणीकडे पाठवा, किडका कचरा आवारात पावसापर्यंत ठेवू नका. कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) रेचे, म्हणजे जिनिंगची यंत्रं, बंद झाल्यावरही लावून ठेवा, कारण पतंग त्यानंतरही निघत राहतात. सापळे काढून टाकणं ही स्वतंत्र चूक आहे आणि ती फार जण करतात.

दुसरी चूक विजेच्या बिलात असते. बिल आलं, आकडा पाहिला, भरलं. कुणी विचारतच नाही की एका गठाणीमागे (रुईच्या दाबून बांधलेल्या गाठीमागे) किती युनिट गेले. गठाण साधारण १७० किलोची. रोजच्या गठाणी आणि रोजचं मीटर एका वहीत समोरासमोर लिहा, महिनाभरात गडबड दिसेल. गठाणी घटल्या आणि वीज तेवढीच राहिली, तर बहुधा रेचे रिकामे फिरत असतात किंवा पुन्हा पुन्हा वाइंडिंग केलेल्या जुन्या मोटारी वीज खातात. मोटारी कमी भारावर फिरल्या की पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या विजेचं प्रमाण, पडतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (कामाला न येणारी वीजही धरणाऱ्या एककावर) बिल येतं, त्यामुळे याचा थेट फटका बसतो. १०० किलोवॉटच्या भाराला पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर तासाला १२५ केव्हीएएच मोजले जातात. तोच ०.९८ वर आणला तर १०२. काम तेवढंच. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कॅपॅसिटर पॅनलमधले निकामी कॅपॅसिटर हंगामाआधी बदलून घेतले, तर पैसे लवकर सुटतात.

हे न करता आधी सोलर बसवणारेही भेटतात. मला सोलर आवडतं, पण क्रम चुकतो. आपली जिनिंग चालते दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत आणि विदर्भाचं कडक ऊन पडतं त्याच सुमारास, हंगाम उतरताना. नेट मीटरिंगमधली (जादा सोलर वीज ग्रिडला देऊन नंतर वळती करून घेण्याच्या सोयीतली) शिल्लक आर्थिक वर्षाअखेरीस, ३१ मार्चला हिशोब करून मिटवली जाते. एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट हिवाळ्यात किती वापरता येतील, हा हिशोब मागवल्याशिवाय सही करू नका. पॅनलवर जिनिंगची धूळ-तूस बसते, ती धुवायला पाणी आणि माणूस लागतो, तोही खर्चात धरा.

प्लास्टिकच्या बाबतीत मी जरा कडक आहे. वेचणीच्या बायांना खताची रिकामी पोती दिली जातात. त्यांचे धागे कापसात मिसळतात, रुईत दिसत नाहीत, सुतातही चटकन दिसत नाहीत. कापड रंगवलं की तो धागा रंग धरत नाही आणि डाग उठून दिसतो. सूतगिरणीवाला मग त्या भागातल्या सगळ्याच रुईला कमी भाव देतो. ७ ऑक्टोबर २०२० ला जाहीर झालेल्या कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडसारख्या योजनेत गठाणीचा माग ठेवला जातो, तिथं अशा रुईला जागाच नाही. पोतं जाळणारा धुरानं गाव बिघडवतो. ते पोतं वेचणीसाठी देणारा स्वतःचा भाव पाडतो.

मोठे खरेदीदार आता वीज, पाणी, कचऱ्याचे आकडे विचारू लागलेत, कारण शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून सर्वात मोठ्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना अशा आकड्यांचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्या वेळी आकडे रचून दिले, तर ते दुसऱ्या वर्षी जुळत नाहीत. वर सांगितलेली वही असेल, तर रचावं लागत नाही.

पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरणारी कापसाची झाडं, हाही निव्वळ कचरा समजू नका. बांधावर जाळण्यापेक्षा तिच्या जळणाच्या विटा (ब्रिकेट) किंवा गोळ्या (पेलेट) होतात. औष्णिक केंद्रांत कोळशासोबत पेलेट जाळण्याचं केंद्राचं धोरण २०२१ मध्ये सुधारलं गेलं. पण पहिल्या पावसात भिजलेली पऱ्हाटी कोणी घेत नाही. गोळा करायची असेल तर उन्हाळ्यातच उपटून, शेडमध्ये कोरडी ठेवा. त्यात किडकी बोंडं राहिली असतील, तर आधी ती वेगळी काढा.

आणि दसऱ्याआधी एक काम: वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी सुती ओढण्या आणि खताच्या पोत्यांऐवजी कापडी थैल्या शिवून घ्या. खरेदीचा काटा सुरू झाल्यावर त्या शिवायला वेळ मिळत नाही.